नऊ नंबरची सुई

शहनाजभाभीचं नाव आधी सांगते, मग काय झालं ते सांगते. माझी सवय अशी, की बोलता बोलता धास्तीनं अर्धं पोटात राहतं, आणि जे राहतं तेच नेमकं सांगायचं असतं. म्हणून आधी तिचं नाव. शहनाजभाभी, कडेगावची. आमच्या सासरच्या परड्याला लागून तिचं परडं, मधे छातीएवढी दगडी भिंत. माझ्या हाताला आज जे काही येतं, ते त्या भिंतीवरून आलेलं आहे.

इथं कोइमतुरात उन्हाळा चढला की लगीनसराई सुरू होते. समोरच्या कार्यालयातून पहाटेच सनईसारखं पण तिच्यापेक्षा जाड आवाजाचं वाद्य ऐकू येतं. जिन्यात मोगऱ्याचा वास असतो आणि त्यात खालून येणारा तेजाबाचा वास मिसळतो. खाली आमचं दुकान. सोनंचांदी गाळायचं काम, गलाई. आमच्या कडेगावकडची निम्मी माणसं या धंद्यानं देशभर पांगली आहेत. माझा नवरा त्यातलाच एक. वर आमची खोली, खोलीला एक खिडकी आणि खिडकीखाली माझं शिलाई मशीन.

परवा घरमालकाची सून वर आली. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. तिनं पिशवीतून सॅटिनचं कापड काढलं, गालाला लावून दाखवलं, ब्लाउज, असं खुणेनं सांगितलं आणि ते माझ्या मांडीवर ठेवलं. ठेवलं म्हणजे काय, ठेवताच ते गुडघ्यावरून घरंगळलं आणि जमिनीवर जाऊन पडलं. कुणी ढकललं नव्हतं. सॅटिनला ढकलावं लागत नाही. ती हसली. मी हसले नाही. मी पुन्हा त्या परड्यात, त्या उन्हाळ्यात जाऊन उभी राहिले.

त्या वेळी लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. आमच्यात रीत अशी, की गलाईवाल्याची बायको आधी सासरी राहते. नवरा परमुलखात दुकानाच्या माळ्यावर चारचौघांत झोपतो. वेगळी खोली मिळाली की मग बायकोला नेतो. 'खोली बघतोय,' हे फोनवर म्हणायचे. फोन सासऱ्यांचा, म्हणजे मामंजींचा. तो मी कानाला लावला की आख्खं घर गप्प होऊन ऐकायचं. मग मी काय बोलणार? 'जेवला का?' एवढंच. तिकडूनही तेवढंच. दोघं जेवलोय एवढं कळायचं आणि फोन परत जायचा.

मी म्हसवडची. आमच्याकडं पाऊस कमी, पण नजर लांब जाते. माळावर उभं राहिलं तर सिद्धनाथाच्या देवळाचं शिखर दिसतं, रस्त्यावरची एसटी येताना दिसते आणि येऊन गेल्यावरही बराच वेळ दिसत राहते. कडेगावला घराच्या दोन अंगांना ऊस. आडसाली, म्हणजे आदल्या पावसाळ्यात लावलेला, ऊस उन्हाळ्यात डोक्याच्या वर गेलेला असतो. पाणी भरपूर, सावली भरपूर, हिरवंगार. लोक म्हणायचे, नशीब काढलंस पोरी. मीही तसंच म्हणायचे. पण परड्यात उभं राहिलं की पाच हातांवर हिरवी भिंत आणि तिच्यातून फक्त पानांची सळसळ. कोण येतंय, कोण जातंय, काही दिसायचं नाही.

पुढच्या दारानं बाहेर पडायची सोय नव्हती. 'नवी सून गल्लीत फिरत न्हाई. नवरा आला की जा त्येच्यासंगं कुठं जायचं तिथं,' हे आत्याबाईंचं, माझ्या सासूबाईंचं, पहिल्या दिवशीचं बोलणं. त्या ओरडल्या नाहीत. भाकरी थापता थापता सांगितलं, जसं पाणी कुठं ठेवलंय ते सांगावं. त्या स्वतः तशाच राहिल्या होत्या. मामंजींची उमर परमुलखात गेली आणि यांची या चौकटीत. त्यांना ते बंधन वाटतच नसावं. वाटलं असेल तर कधी बोलल्या नाहीत.

त्या घरात माझ्या नावाची एकच वस्तू होती. माहेराहून आलेलं मशीन. काळं, वर सोनेरी वेलबुट्टी झिजत आलेली. नववीनंतर माझी शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली, धाकटी भावंडं, कुणी 'जाऊ नको' म्हणालं नाही, पण जायला सकाळच उरली नाही. आई उठून बसल्यावर मी पंचायतीच्या शिवणवर्गात गेले. तिथं झबली, परकर, पिशव्या. सगळं मांजरपाटावर. मांजरपाट गरीब असतं बिचारं. जिथं ठेवाल तिथं राहतं, घडी घालाल तशी बसते, चुकलं तर उसवून घेतं. मला वाटायचं कापड म्हणजे असंच.

सासरी मशीनला जागा मिळाली ती टीव्हीखाली. वर भरतकामाचा रुमाल, त्यावर टीव्ही. दुपारी आत्याबाई लवंडल्या की मी आणि पूनम, म्हणजे माझी नणंद, दोघी मिळून टीव्ही खाली उतरवायचो आणि मशीन मागच्या पडवीत सरकवायचो. मी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायचे. पिशव्या कुणाला नको होत्या. मला तो आवाज पाहिजे होता. पायडल चाललं की वाटायचं आपण कुठंतरी निघालोय.

पूनमचं लग्न वैशाखात ठरलं. कोरेगावचं स्थळ. रिसेप्शनला तिला सॅटिनचा घागरा हवा होता, फोनमध्ये बघितलेला, चालताना पाण्यासारखा हलणारा. कापड सांगलीहून आलं, राणी रंगाचं, वर जॉर्जेटची ओढणी. पण लगीनसराईत गावातल्या एकाही टेलरनं हातात घेतलं नाही. 'सॅटिन? आता न्हाई जमायचं,' सगळ्यांचं एकच.

तेव्हा आत्याबाईंचं लक्ष टीव्हीकडं गेलं. म्हणजे टीव्हीच्या खाली.

"आपल्या घरात शिवणारी असताना गाव कशाला पालथं घालायचं? आश्विनी, तू शिव."

"आत्याबाई, मला सॅटिन येत न्हाई. मी कधी हात न्हाई लावला."

"मग मशीन कशाला हाय? टीव्ही ठेवायला? तुला जमत नसंल तर पूनमच्या रुखवतात मांडू. तिला तरी उपेगाला येईल."

रुखवतात मांडू. मांडवात नवरीकडचे संसार मांडतात. भांडी, रजया, पोरींनी केलेलं विणकाम, आता तर कूलर नि मिक्सरसुद्धा. त्यात माझं मशीन कुंकू लावून उभं राहणार आणि कोरेगावच्या टेंपोत चढणार. त्यांनी रागानं नाही म्हटलं. हिशोबानं म्हटलं. म्हणूनच मला घाम फुटला. राग उतरतो. हिशोब उतरत नाही.

सॅटिन मी जमिनीवर पसरलं. एक टोक सरळ केलं, दुसरं पळालं. दुसरं धरलं, मधे पोट आलं. खडूनं रेघ ओढली तर खडूबरोबर कापडच निघालं. टोचायला जाड टाचण्या होत्या, त्या काढल्यावर कापडावर भोकं राहिली, अंगावर सुई टोचल्यासारखी ती भोकं मला दिसायला लागली. शेवटी कडेचा एक तुकडा कापून मशीनवर घेतला. सुई खाली गेली आणि राणी रंगावर आडवी चरचरीत रेघ उमटली. धागा ओढला गेला होता.

मी थांबले. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"सुई बदल गं पोरी. ठक ठक वाजतीय. बोथट हाय."

वर बघितलं तर भिंतीवर एक डोकं, ओढणी कानामागं खोवलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. खांदे दिसत होते आणि भिंतीच्या माथ्यावर टेकलेले दोन हात. माझ्या त्या आख्ख्या मुक्कामात मला शहनाजभाभी एवढीच दिसली. छातीच्या वरची.

"तुमाला आवाजावरनं कळलं?"

"मग? जल्मभर त्योच आवाज ऐकलाय. मांजरपाटात भागतं. सॅटिन चुगली करतंय. नंबर किती हाय सुईचा?"

"सोळा."

"सोळा!" ती अशी दचकली जशी मी घागऱ्याला सुतळी लावली होती. "आगं, पोतं शिवतीस का काय? थांब तिथंच."

थांबले. मी जाणार कुठं होते! बऱ्याच वेळानं ती परत आली. हातात पावडरचा पत्र्याचा डबा. मला वाटलं चेष्टा करतेय. तिनं झाकण उघडून बोट आत घातलं आणि पांढऱ्या पावडरीतून एक पुडी वर काढली. नऊ नंबरच्या सुया. गंज चढू नये म्हणून पावडरीत पुरलेल्या. एक सुई बाहेर काढली तर केसासारखी बारीक, टोकाला उन्हाचा ठिपका.

"आन् ही पावडर तळहाताला लाव. उन्हाळ्यात घामाचा हात सॅटिनला लागला की डाग जात न्हाई. आत्याबाई तुझ्या मग डागच दाखवत फिरतील गावभर."

भाभी ही एके काळी गावातली बायकांची नामांकित टेलर. गुडघे गेले तसं पायमशीन बंद झालं. आता बसल्या जागी हुक लावायची, फॉल लावायची. चार पायऱ्या उतरायचं होत नाही म्हणून तीही घराबाहेर पडत नव्हती. हे मला पूनमनं नंतर सांगितलं. मग मी एकदा विचारलं, "भाभी, गुडघे दुखतात तर तुमी भिंतीशी उभ्या कशा राहता?" ती म्हणाली, "दगड ठेवलाय एक. त्याच्यावर चढती." मी म्हटलं, चढू नका. ती म्हणाली, "मग काय उंटाची मान करू?"

सामान म्हणजे नुसतं दुकानातून आणायचं नसतं, हे मला त्या दिवसांत कळायला लागलं. दुकान तर माझ्यासाठी बंदच होतं. पूनमला बाजारात पाठवावं लागायचं आणि ती बिचारी दोरा सांगितला तर टिकल्या घेऊन यायची. एकदा बारीक दोरा आणला तो जरीचा. भाभीनं तो भिंतीवर उन्हात धरून बघितला आणि म्हणाली, "देवीला वाहा." मग तिच्या डब्यातली रिळं आली. दोरा कसा निवडायचा? तिनं एक तार तोडून ओठांवरून फिरवायला लावली. खरखर लागली तर नको. कात्री तिची होती, लांब पात्याची, कापडात बांधलेली. ती देताना तिनं दोनदा बजावलं, "हिनं कागद कापलास तर मी भिंत पाडून येईन." टाचण्या बारीक, आणि त्याही फक्त शिलाईच्या आतल्या मायेत, म्हणजे कडेला राखलेल्या कापडात. तिथं भोक पडलं तरी आत राहतं.

"पण कापड पळतंय त्येचं काय करू?"

"खळ दे हलकी. साबुदाण्याची दे न्हाईतर भाताची पेज. वाळलं की कागदासारखं हुतंय. शिवून झालं की धुऊन टाक, परत मऊ."

आता इथं मी जे केलं ते फक्त उसाच्या गावातल्या सुनेलाच सुचलं असतं. साबुदाणा संकष्टीला संपला होता. भात कुकरचा, त्याला पेज कुठली? मागावं तर आत्याबाई विचारणार कशाला. मी पडवीत उभी होते आणि समोर खुंटीला मामंजींचा गुऱ्हाळातला सदरा लटकत होता. शिमग्याच्या आधी गुऱ्हाळावर जाताना घातलेला. उसाचा रस उडून उडून तो असा ताठ झाला होता, की खुंटीवरून काढून जमिनीवर ठेवला असता तर उभा राहिला असता. मला वाटलं, हीच तर खळ. आणि साखरेचं काय, कारखान्याची सभासदाची साखर पिंप भरून घरात.

केलं. साखरेचं पाणी केलं, कापडाच्या पाट्या, म्हणजे घागऱ्याच्या उंचीचे ढोबळ तुकडे, करून त्यात बुडवल्या, आतल्या खोलीत दोरीवर पसरल्या. संध्याकाळी हात लावला तर काय सांगू! सॅटिन पापडासारखं ताठ. पळणं नाही, घसरणं नाही. मी आनंदानं पहिल्यांदा त्या घरात गाणं गुणगुणले. पूनम म्हणाली, "वैनी, तू हसतीस तवा वेगळीच दिसतीस."

सकाळी आत्याबाईंची किंकाळी. राणी रंगाच्या कापडावर तांबड्या मुंग्यांची नक्षी आली होती. नुसती नक्षी नाही, चालणारी. दोरीवरून, भिंतीवरून, पिंपाकडून, सगळीकडून रांगा. घागऱ्याची वरात निघाली होती आणि वऱ्हाडी पाचपन्नास हजार. आत्याबाईंनी केरसुणी घेतली आणि झोडपून काढलं. मुंग्या गेल्या. एका पाटीवर केरसुणीच्या काड्यांनी धागे ओढले गेले, मांजरानं नखं मारल्यासारखे.

"माहेरी काय ह्येच शिकवलं? साखर घालून शिवायचं?" मग थोड्या वेळानं, चहा गाळताना, शांतपणे, "ऱ्हाऊ दे. मशीन पुसून ठेव. रुखवतात मांडायचं हाय."

मी भिंतीशी गेले. सगळं सांगितलं. भाभीनं ऐकून घेतलं आणि तोंडावर ओढणी घेतली. मला वाटलं रडतेय. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती, पार पाणी येईस्तोवर. "साखर! या अल्ला! पोरी, तू घागरा शिवतीस का श्रीखंड करतीस?" मला राग आला, मग मीही हसले, मग हसता हसता खरंच रडायला लागले. ती लगेच थांबली. भिंतीवरून हात पुढं करून माझ्या डोक्यावर ठेवला.

"कापड मेलेलं न्हाई अजून. धू. कोमट पाण्यात, पिळू नको. वरबाडलेली पाटी हाय ना, ती चुणीच्या आत घाल. घागऱ्याला चुण्या कशाला असत्यात? लपवायला." आणि पेज तिनं स्वतः करून दिली, डेचकी भिंतीवर ठेवून. "ही खा न्हाईतर लाव, पण साखर घालू नको."

मापात कापायला तरी कापड जागचं हलू नये म्हणून वजनं हवी होती. टाचण्यांवर भरवसा नव्हता. मी चमचे ठेवले, वाट्या ठेवल्या, घसरल्या. मामंजी पडवीत खोकत बसले होते. आयुष्य भट्टीच्या धुरात गेलेलं, बोलणं कमी. ते उठले, कपाटातून एक पत्र्याची पेटी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. आत पितळी वजनं. त्यांच्या तरुणपणी गलाईच्या दुकानात चांदी तोलायची. तळ गुळगुळीत, कडा झिजून गोल.

"ह्येनं कापडाला इजा हुत न्हाई," एवढंच म्हणाले आणि परत जाऊन बसले. मी ती वजनं राणी रंगावर ओळीनं मांडली. पहिल्यांदा कापड गप्प पडून राहिलं. माझ्यावर असं कुणीतरी हलकं वजन ठेवायला हवं होतं, असं मला वाटलं. सारखं पळायचंच मनात होतं.

कागदाची गोष्ट तर अजून हसवते. सॅटिन मशीनच्या दात्यांत अडकू नये म्हणून खाली कागदाची पट्टी घेऊन शिवायचं, नंतर पट्टी फाडून काढायची. वर्तमानपत्राची शाई लागते, वहीचा कागद जाड. उरलेल्या लग्नपत्रिका घरात होत्या आणि प्रत्येकीत तो पातळ दुधी कागद. मी तेवढे काढून घेतले. उरलेल्या म्हणून कोपऱ्यात ठेवलेल्या पत्रिकांना नंतर पाहुणे सापडलेच. त्यामुळं चारदोन गावांत पूनमची पत्रिका जरा उघडीच गेली. कुणी काही म्हटलं नाही.

नऊ नंबरची सुई लागली, बॉबीनच्या डबीचा स्क्रू भाभीनं सांगितला तसा किंचित सैल केला, आणि मशीनचा आवाज बदलला. ठक ठक गेली. उरला नुसता पायडलचा आवाज आणि कागदाची कुरकुर. भिंतीपलीकडं कुणीतरी ऐकत बसलंय हे मला माहीत होतं. मी नीट चालवलं की तिकडून काहीच यायचं नाही. चुकलं की लगेच, "सावकाश! कुठं पळायचंय?"

कुठं पळायचंय. हाच तर प्रश्न होता.

घागरा झाला. पूनमनं घातला आणि गिरकी घेतली. कापड आधी थांबलं, मग तिच्यामागून वळलं, पाण्यासारखं. वरबाडलेली पाटी चुणीत बुडून गेली. आत्याबाई घागऱ्याची शिलाई आतून उलटून बघत होत्या, बोट फिरवत होत्या.

"झ्याक शिवलंय," त्या म्हणाल्या. माझे खांदे खाली आले. मग त्या मशीनकडं वळून म्हणाल्या, "मशीन लय चांगलं हाय की गं! मग तर पूनमलाच देऊ. कोरेगावकर बघतच ऱ्हातील."

मी अजूनही त्या क्षणाचा अर्थ लावते. वाईट शिवलं तर जाणार होतं, चांगलं शिवलं म्हणून जाणार. दोन्हीकडून दार एकच, आणि ते बाहेरून लावलेलं. मी पडवीत जाऊन बसले. रडू आलं नाही. रडायलासुद्धा कुठंतरी फट लागते.

संध्याकाळी भाभीला सांगितलं. ती हसली नाही. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"बॉबीनची डबी दे इकडं," ती म्हणाली. "सॅटिनसाठी सैल केलीया. ताण परत नीट करून देती."

मशीनच्या पोटातली ती छोटी लोखंडी डबी. तिच्यात खालचा दोरा असतो. ती नसली तर वरची सुई कितीही नाचली तरी टाका पडत नाही. मी काढून दिली. डबी परत आलीच नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मशीनला कुंकू लावलं, हार घातला. आत्याबाईंच्या मनात आलं, एकदा चालवून बघावं. कोरेगावच्या बाया मांडवात पायडल मारून बघणार. चालवलं. सुई वरखाली, कापडावर काहीच नाही.

"आगं, ह्येला काय झालं?"

"डबी भाभीकडं हाय," मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं.

आत्याबाई तरातरा परड्यात गेल्या. मी मागं. "शहनाज! ती मशीनची डबी दे गं."

भिंतीवर डोकं आलं. "आवं आक्का, ती बिघडली हुती. कराडला दुरुस्तीला पाठवली. त्यो म्हणला, येळ लागंल."

"मग दुसरी आणू."

"जुनं मशीन. नव्या डब्या बसत न्हाईत त्याला."

"मग? बिनडबीचं मांडायचं?"

"मांडा की. नुसतं बघायला काय जातंय? पण कोरेगावच्या बाया लय चिकित्सक बरं का, आक्का. एकीनं पायडल मारलं अन् टाका पडला न्हाई तर म्हणतील, पोरीला बिघडलेलं दिलं. जल्मभर बोल पूनमला."

वारा आला, ऊस सळसळला. मी भाभीच्या हातांकडं बघत होते. एक हात भिंतीवर नेहमीसारखा पसरलेला. दुसऱ्याची मूठ. घट्ट बंद.

रुखवतात कूलर मांडला गेला. मशीन घरी राहिलं, हारासकट. त्या रात्री कार्यालयातून आल्यावर मी तो हार काढला नाही. फुलं वाळेपर्यंत तसाच ठेवला.

पाऊस सरता सरता इथली खोली मिळाली आणि हे न्यायला आले. सगळं घाईत. जीप पुढच्या दारात, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. मी परड्यात पळाले. भाभीनं भिंतीवरून एक गाठोडं दिलं: कात्री, पावडरचा डबा, आणि रुमालात गुंडाळलेली डबी. "कराडहून आली बघ," म्हणाली. मी तिच्या हातावर कपाळ टेकलं. भिंतीचा दगड गार होता. मधे तोच होता, तो ओलांडायला वेळ नव्हता.

परत आले तर आत्याबाई मशीन गोधडीत बांधत होत्या. स्वतः. सुतळीची गाठ मारताना वर न बघता म्हणाल्या, "डबी घेतलीस का? का अजून दुरुस्तीलाच हाय?"

मी गाठोडं छातीशी धरलं. त्यांनी गाठ पुन्हा सोडली आणि जास्त घट्ट मारली. तेवढंच.

इथं आल्यावर वाटलं होतं, सुटले. पण खोली ती खोलीच. खाली भट्टी, समोर भाषा. पहिल्यांदा सुया आणायला गेले तेव्हा दुकानदाराला नऊ बोटं दाखवली. त्यानं सोळा नंबरच्या नऊ सुया मोजून दिल्या. मी त्या घेऊन घरी आले आणि पावडरचा डबा उघडून बसले. दुसऱ्या दिवशी भाभीची सुईच कापडात टोचून नेली आणि दाखवली. तेव्हापासून तो मला बघताच बारीक सुयांचा खण उघडतो. आता वर येणाऱ्या बायका वाढल्यात. त्या कापड ठेवतात, मी सुई बदलते, ओठांवरून दोरा फिरवते. दार उघडंच असतं आता, तरी जिना उतरताना मला अजून कुणीतरी 'कुठं निघालीस' विचारील असं वाटतं. मग मी उगीचच हातात पिशवी घेते.

घरमालकाच्या सुनेचं सॅटिन मी काल बेतलं. वजनं मामंजींनी नंतर पाठवून दिली होती. ती मांडताना मला आठवलं, भाभी एकदा सहज म्हणाली होती, "सॅटिन जल्मभर दुसऱ्यांच्या अंगावर घातलं. आपल्या अंगावर सुतीच." कुरकुर नव्हती तिच्या बोलण्यात. सुईचा नंबर सांगावा तसं सांगितलं.

माझ्या पेटीत तळाशी पारव्या रंगाचं सॅटिन आहे, जॉर्जेटच्या ओढणीसकट. कधीचं घेऊन ठेवलंय, धुऊन, सावलीत वाळवून. कापलं नाही. गेल्या आठवड्यात फोनवर मी भाभीला म्हटलं, तुमचं माप सांगा. ती हसली. "माझं माप? भिंतीएवढं धर."

तिथंच तर अडलंय. खांदे मला पाठ आहेत, गळ्याचा घेर मी नजरेनं काढीन. पण भिंतीखालची भाभी मी बघितलेली नाही. तिची उंची मला माहीत नाही, कारण पायाखालचा तो दगड किती उंच होता हे मला माहीत नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी ती किती चढून माझ्यापर्यंत यायची, तेही नाही.

भाभी, मी येणार आहे. पुढच्या दारानं येईन, गल्लीतून चालत, गळ्यात टेप घालून. तुम्हाला सपाट जमिनीवर उभं करीन, दगडावर नाही, आणि खांद्यापासून घोट्यापर्यंत माप घेईन. तुमच्याच कात्रीनं कापीन, तुमच्याच मशीनवर शिवीन. तुम्ही नुसतं बसून ऐकायचं. ठक ठक वाजलं तर सांगायचं.